मिरपुडीचा हीटर

गाडीचा हीटर उष्णता तयार करत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. इंजीन आपलं आपण तापतं. ते जास्त तापू नये म्हणून त्याच्या पोटातून कूलंट, म्हणजे रसायन मिसळलेलं पाणी, फिरत असतं आणि गरम झालं की गार व्हायला पुढच्या रेडिएटरकडे जातं. हीटर करतो काय, तर त्यातलं थोडं गरम कूलंट डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका पिटुकल्या रेडिएटरमधून फिरवून आणतो. त्या पिटुकल्याला आम्ही कोर म्हणतो. कोरवरून पंख्याने हवा फुंकली की तुमचे पाय शेकतात. एरवी वाया जाणारी ऊब, तिला फक्त वाट करून दिलेली. तरी माणसं येतात, बॉनेटवर थाप मारतात आणि म्हणतात, "बाई, हीटर जळला." अहो, जळायला तिथे काही असतं तर जळलं असतं ना!

माझं गॅरेज फक्त हीटर आणि एसीचं. सगळे मला हीटरवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. गाडी तापवून दोन नळ्यांना हात लावला की मी बिघाड सांगते, आणि माझं सहसा चुकत नाही. कुणाला हा तोरा वाटला तर वाटू दे. थंडी पडली की माझ्या दारात गाड्यांची जी रीघ लागते, ती बघून बोलावं.

एकाच गाडीच्या बॉनेटला हात लावायची मला बंदी होती. ती माझ्या बाबांची गाडी.

बाबांनी उभा जन्म टॅक्सी चालवली. टॅक्सी सोडली तेव्हा ही छोटी निळी गाडी घेतली आणि तिची उस्तवार टॅक्सीच्याच शिस्तीने चालू ठेवली. सकाळी बाहेरून पाण्याने धुवायची. आतली काच कोरड्या पिवळ्या फडक्याने पुसायची. कोरड्याच, कारण गिऱ्हाईक बसायच्या आधी काच सुकायला वेळ कुठे असतो? टॅक्सी गेली, गिऱ्हाइकं गेली, पिवळं फडकं राहिलं. तेल-पाणी बघणं, किरकोळ दुरुस्ती करणं, सगळं त्यांचं तेच. "माझ्या गाडीला डॉक्टर लागत नाही," हे त्यांचं पालुपद. पान्हा कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं, पण त्यांच्या गाडीची गोष्ट निघाली की मी अजून फ्रॉकमधली.

म्हणून त्या शनिवारी सकाळी निळी गाडी हळूहळू माझ्या गॅरेजात शिरली तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत राहिले. बाबा उतरले. मफलर, टोपी, हातमोजे, सगळा जामानिमा. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मागोमाग खिशातून दुसरी किल्ली काढली आणि तीही दिली.

"हीटर थंड हवा फेकतोय. बघ जरा."

"मी बघू? मी?"

"मग काय शेजारणीला सांगू? उद्या दुपारी माणूस येणार आहे गाडी न्यायला. बिघडलेली गाडी गळ्यात मारणं मला जमायचं नाही."

"न्यायला म्हणजे?"

"विकली. तुझ्या दादाच्या ऑफिसातला आहे कुणीतरी. दादाने ठरवलं सगळं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण बाबा चेष्टा करताना मिशी चावतात, आणि मिशी जागच्या जागी होती.

"का पण?"

"वय झालं. बसने काय कमी जाता येतं?"

हे बसबद्दल कोण बोलत होतं? पुढे बस आडवी आली की ज्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा आणि आई मागच्या सीटवरून आमचे कान झाकायची, ते गृहस्थ. आता बसची आरती ओवाळत होते. मी पुढे काही विचारणार, तेवढ्यात ते वळले आणि फुटपाथच्या कडेकडेने चालायला लागले. स्वतःच्या गाडीकडे एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी दादाला फोन लावला. त्याने पहिल्याच वाक्यात हात वर केले.

"अगं, त्यांनीच मला सांगितलं! आठवडाभर मागे लागले होते. मी उगाच का वाईट होऊ?"

"आणि मावशीकडे कसे जाणार ते?"

"मी नेईन ना जमेल तेव्हा."

दादाला जमेल तेव्हा म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मावशी घाटाच्या पलीकडे राहते. गुडघ्यांनी तिला घरात डांबून ठेवलंय, आणि हिवाळ्यात बस घाट चढत नाही. दर गुरुवारी बाबा आईला गाडीने तिच्याकडे नेतात. दोघी बहिणी दिवसभर जगाची उणीदुणी काढतात, बाबा ओसरीत बसून पेपर वाचतात, आणि संध्याकाळी आई हसऱ्या चेहऱ्याने परत येते. त्या एका दिवसावर तिचा आठवडा निघतो. गाडी गेली की तो दिवस गेला. आणि हे सगळं होत असताना आईने हूं की चूं केलं नव्हतं. वांग्याची फोड मोठी चिरली गेली तरी जिचं मत असतं, ती बाई गप्प! मला काही केल्या उमगेना, आणि जे उमगत नाही त्याचा मला राग येतो.

म्हटलं, बोलणं नंतर. आधी गाडी.

थंड इंजिनावर हीटरचं निदान करणं म्हणजे झोपलेल्या माणसाला प्रश्न विचारणं. आधी गाडी फिरवून तापवावी लागते. बसले. आत व्हॅनिलाचा घमघमाट होता. दादाने आरशाला टांगायला दिलेलं ते सुगंधी कागदी झाड, दुसरं काय. डोकं उठलं माझं. हीटरचा खटका पूर्ण गरमवर फिरवला, पंखा लावला आणि निघाले.

तापमानाचा काटा लवकरच मधोमध येऊन बसला आणि तिथेच राहिला. म्हणजे थर्मोस्टॅट धडधाकट. बिचाऱ्या थर्मोस्टॅटवर जो तो आळ घेतो. कूलंट पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती एक छोटी झडप. उघडी अडकली तर इंजीन गारच राहतं आणि हीटरही गार. इथे तसं नव्हतं. इंजीन गरम, आणि पंख्यातून येणारी हवा मात्र माठातल्यासारखी.

वळून रेल्वेच्या पुलाखालच्या बोगद्यात शिरले. समोरून गाड्या येत होत्या. त्यांचे दिवे काचेवर पडले. प्रत्येक दिव्याभोवती एक रंगीत वर्तुळ होतं. वर्तुळाबाहेर पांढुरकं धुकं, आणि धुक्यात रस्ता विरघळलेला. मी डोळे मिटून उघडले. तसंच. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आमच्या घरात या वर्तुळांना नाव आहे. आजोबांची वर्तुळं. बाबांचे वडील बाबांच्याच वयाचे असताना त्यांना आधी दिव्यांभोवती वर्तुळं दिसायला लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. भिंतीला तळहात लावून न्हाणीघरापर्यंत जाणारे आजोबा मला अजून आठवतात. त्यांच्या हाताने भिंतीवर एक काळपट पट्टा उमटला होता, आणि तो रंगवून टाकायला बाबांनी कधी कुणाला दिलं नाही.

बोगद्याबाहेर गाडी कडेला घेतली. आता माझी पाळी आली की काय, असं एक क्षण वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण मी मेकॅनिक आहे. समोर काही दिसत नसलं तर आधी काच बघायची, मग नशीब. मी काचेला आतून बोट लावलं.

बोट चिकटलं.

बोट नाकाशी नेलं. गोडसर वास. व्हॅनिलाचा नव्हे, कूलंटचा. मग आईच्या सीटपुढची मॅट उचलली. खालचा गालिचा ओलसर, तेलकट. माझ्या डोक्यात सगळं खटाखट जागेवर बसलं. कोरला कुठेतरी बारीक भोक पडलंय. तिथून कूलंट सूक्ष्म थेंबांनी उडतंय, आणि पंखा ते इमानेइतबारे समोरच्या काचेवर फुंकतोय. काचेवर पातळ चिकट थर. कोरड्या फडक्याने पुसला तर तो निघत नाही, सारखा पसरतो. सकाळच्या उजेडात कळतही नाही. समोरून दिवा आला की प्रत्येक दिव्याला वर्तुळ. वास यावा, तर आरशाला झाड टांगलेलं.

आणि मग बाबा आठवले. संध्याकाळी गाडी न काढणारे बाबा. या हिवाळ्यात मावशीकडून दुपारीच परतणारे. जेवताना आईला सहज विचारल्यासारखं करून, "आमच्या बाबांना डोळ्यांचं पहिल्यांदा कधी कळलं गं?" असं विचारणारे. मी तेव्हा समोरच बसले होते आणि पोळी दुधात कुस्करत होते. वय झालं म्हणे! ज्या माणसाने अंधाऱ्या घाटात हजारो माणसं सुखरूप पोचवली, तो स्वतःला आंधळा समजून किल्ल्या देऊन गेला होता. आणि कारण होतं माझ्या तळहाताएवढ्या कोरमधलं टाचणीएवढं भोक. मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही उरकलं आणि मी गाडी वळवली.

फोन उचलून सांगावं असं फार वाटलं. पण बाबांना मी ओळखते. मी कितीही सांगितलं असतं तरी, पोरगी आपली समजूत घालतेय, असंच त्यांनी मानलं असतं. तो माणूस फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि सध्या नेमका त्यांच्यावरच ठेवत नव्हता. त्यांना दाखवायलाच हवं होतं.

गॅरेजात आल्यावर इंजीन चालू ठेवून बॉनेट उघडलं. हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या असतात. एकीतून गरम कूलंट कोरमध्ये जातं, दुसरीतून बाहेर येतं. दोन्ही गरम लागल्या तर कोर ठीक आणि दोष हवेच्या झडपेत. दोन्ही कोमट लागल्या तर कूलंट कमी तरी आहे किंवा तापतच नाही. मी हात लावला. एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार. म्हणजे कोर तुंबलेला. गळतोय आणि तुंबलाही आहे! एकाच कोरला दोन्ही दुखणी एकदम होत नाहीत. कुणीतरी केल्याशिवाय नाही.

इंजीन पूर्ण निवू दिलं. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, हेही मी गिऱ्हाइकांना सांगून दमले आहे. वाफ तोंडावर येते आणि मग हीटरवालीच्या नव्हे, खऱ्या डॉक्टरच्या दारात जावं लागतं. इंजीन निवल्यावर खाली परात ठेवून कूलंट काढलं. ते हिरवं निघायला हवं होतं. निघालं चहाच्या गाळासारखं, काळे कण तरंगत असलेलं. मी वाकून वास घेतला आणि जी शिंकायला लागले ती थांबेचना.

मिरपूड!

जुन्या टॅक्सीवाल्यांचा रामबाण उपाय. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर मिरपूड टाकायची. ती पाण्यात फुगते, भोकात जाऊन अडकते आणि गळती थांबते. त्या काळच्या मोठ्या रेडिएटरच्या जाड नळ्यांमध्ये हे खपून जायचं. पण कोरच्या नळ्या असतात काडीएवढ्या. मिरपूड भोकाकडे जाण्याआधी त्या नळ्यांमध्येच ठाण मांडून बसली. भोक तसंच, आणि वाट बंद. कूलंट कमी होतंय हे बाबांना दिसलं होतं, आणि मला सांगायचं सोडून ते स्वयंपाकघरात गेले होते. मी गॅरेजात एकटीच मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही ना, धन्य आहात!"

डॅशबोर्ड उतरवणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. प्रत्येक स्क्रू कुठला ते लक्षात ठेवायचं, वायरींचे सांधे हलक्या हाताने सोडवायचे, प्लास्टिकला कटकन आवाज आला तरी घाबरायचं नाही. जुना कोर बाहेर निघाला तेव्हा त्याच्या एका कडेला पांढरट, गोडसर वासाचं कवच जमलं होतं आणि नळ्यांच्या तोंडाशी काळा लगदा. नवा बसवण्याआधी इंजीन आणि रेडिएटर उलटसुलट दोन्ही दिशांनी धुतले, बाहेर पडणारं पाणी नितळ होईपर्यंत. नाही तर उरलेली मिरपूड नव्या कोरचाही घास घेते. मग नवा कोर, नळ्या आवळायला नव्या चिमट्या, योग्य मापाने मिसळलेलं ताजं कूलंट. गाडीचं नाक उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर जाऊ दिली. नळ्यांत हवा राहिली तर नवा कोरही गारच फुंकतो. हवेची जाळी बदलली; जुन्या जाळीवर शेवाळ्यासारखा केर होता. शेवटी पंखा लावला आणि हात धरला. उन्हात वाळवलेल्या रजईसारखी ऊब आली. मी ते व्हॅनिलाचं झाड आरशावरून काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

काच मात्र अर्धीच पुसली. ओल्या फडक्याने, साबण लावून, स्टिअरिंगसमोरची अर्धी. आईच्या बाजूची तशीच ठेवली. मग घरी फोन केला.

"गाडी तयार आहे. देण्याआधी तुम्ही स्वतः तपासून घ्या. आणि आईलाही आणा."

"तिचं काय काम?"

"आणा म्हटलं ना!"

आली दोघं, दिवेलागणीला, बसने. बाबांनी आईचा हात धरला होता की आईने बाबांचा, सांगणं कठीण होतं. मी माझी व्हॅन निळ्या गाडीसमोर तोंड करून उभी केली होती. बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, आईला शेजारी, आणि मी मागे बसले. बाबांनी इंजीन चालू केलं. पायाशी गरम हवा यायला लागली. गाडीत नेहमी असणारं घोंगडं आईने सवयीने पायांवर ओढलं होतं, ते तिने हळूच बाजूला सारलेलं मी बघितलं.

"आता मी समोरचे दिवे लावते," म्हटलं, आणि जाऊन व्हॅनचे हेडलाइट लावून परत येऊन बसले.

बाबा समोर बघत राहिले. एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. मग दोन्ही उघडे ठेवून बघत राहिले.

"काय दिसतंय, बाबा?"

"दोन दिवे."

"वर्तुळं?"

ते गर्रकन मागे वळले. "वर्तुळांचं तुला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार, तर आईच बोलली. समोर बघत, अगदी हळू.

"वर्तुळं मला दिसतात."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली.

"आत्तासुद्धा दिसताहेत," आई म्हणाली. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. घरातल्या दिव्यांना नाही, समोरून झगझगीत दिवा आला की; म्हटलं, सुरुवात अशीच होत असेल. तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या वडिलांचं सगळं तुम्ही केलंत, परत माझंही करायला लावू? म्हणून तुम्ही गाडी विकायचं काढलंत तेव्हा मी गप्प राहिले. म्हटलं, बरंच झालं. बहिणीचा चेहरा दिसेनासा होणार असेल, तर यांना कशाला घाटात नाचवायचं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मी इतकी शहाणी, दोन नळ्यांना हात लावून सगळं सांगणारी, पण हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाबा आईकडे बघत होते.

"अगं, मी विकतोय ते मला वर्तुळं दिसतात म्हणून!" ते म्हणाले. "म्हटलं, एक दिवस तुला घेऊन दरीत जाईन. तो दिवस यायच्या आत किल्ली दिलेली बरी. खिडकी उघडी ठेवून चालवत होतो, वाटायचं गार वाऱ्याने डोळे साफ राहतील."

"आणि मला वाटलं तुमचा जीव घुसमटतोय. म्हणून मी कुडकुडत बसायचे."

"थंडी वाजत होती तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

भांडण योग्य मार्गाला लागलंय हे बघून मी मधे पडले. "दोघांनीही जागा बदला."

"काय?"

"जागा बदला म्हणतेय. आई स्टिअरिंगवर, बाबा इकडे."

उतरली, गाडीला वळसा घालून आली, बसली. आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगसमोर बसलेल्या आईने दोन्ही हात मांडीवर आवरून धरले, जणू काही चुकून गाडी निघून जाईल. मग तिने मान वर केली.

"अगंबाई," ती म्हणाली. "गेली की!"

"माझी आली," बाबा म्हणाले.

मी दोन सीटमधून पुढे वाकले, हात लांब केला, बाबांच्या समोरच्या काचेवर बोटाने एक रेघ ओढली आणि ते बोट त्यांच्या नाकाखाली धरलं. रेघेतून समोरचा दिवा स्वच्छ दिसत होता. बाजूला वर्तुळ, मधे दिवा. बाबांनी रेघ बघितली. मग माझं बोट बघितलं. मग बाबांनी स्वतःचं बोट काचेला लावलं आणि चोळून बघितलं. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला यापुढचं सांगायची गरज नव्हती.

"कोर," ते म्हणाले.

"कोर. आणि हे." मी काळ्या गाळाची काचेची बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सणसणीत शिंकले.

"मेथीची भाजी मिळमिळीत लागत होती ती यामुळे!" आई कडाडली. "सगळी पूड संपवली होती मेल्याने, आणि मी माप कमी दिलं म्हणून दुकानदाराला बोल लावत होते!"

आई बाबांना मेल्या म्हणाली, हे मी जन्मात प्रथम ऐकलं. बाबा हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग सगळं अंग हलवून. हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले, आणि ते पुसायला त्यांनी खिशातून तेच पिवळं फडकं काढलं. मी ते काढून घेतलं आणि ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"हे डोळ्यांना नाही, काचेला. ओल्यानेच पुसायची. यापुढे रोज."

त्यांनी मुकाट्याने पुसली. आईच्या बाजूची सगळी काच, कोपऱ्यांसकट. मी फडक्यावर साबण घालून देत होते आणि ते वाकून पुसत होते. माझ्यासाठी तो फार मोठा क्षण होता. त्यांनी मला त्यांच्या गाडीत काम सांगू दिलं होतं.

दादाला मीच फोन केला. त्याने आकाशपाताळ एक केलं. शब्द दिलाय, ऑफिसात तोंड कसं दाखवू, वगैरे. मी म्हटलं, "त्या माणसाला सांग, गाडीचा हीटर बरा झाला आणि मालकाचं डोकंही." मग तोही हसला. दादा वाईट नाही, त्याला फक्त प्रत्येक गोष्ट ठरवून टाकायची घाई असते.

पण माझी एक अट होती, आणि तिथे मी बापाचंही ऐकणार नव्हते. काच साफ झाली म्हणून आजोबांचं दुखणं घरातून गेलं असं होत नाही. सोमवारी मी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी यंत्रांसमोर हनुवट्या ठेवायला लावल्या, थेंब घातले, डोळ्यांतला दाब मोजला. बाबांचा दाब उत्तम, आजोबांचा काचबिंदू नाही. चष्म्याचा नंबर थोडा बदललेला, बस. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू नुकता धरायला लागलाय, पण घाई नाही. वर्षाने परत या, म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाबा पायरीवर थांबले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "आमच्या बाबांना असं कुणी वेळेवर आणलं असतं तर." मी त्यांचा हात धरला.

गुरुवारी दुपार कलली होती. मी एका गिऱ्हाइकाला हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दिवसभर दाबून ठेवू नये, काच त्यानेच धुरकटते, हे शिकवत होते. तेवढ्यात निळी गाडी दारात येऊन थांबली. काचा बंद. आत आई, घोंगड्याशिवाय, मांडीवर मावशीसाठी डबा. बाबांनी खिडकी फक्त बोटभर खाली घेतली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

"कूलंट बघून घेतेस?"

मी बॉनेट उघडलं. त्यांनी उघडू दिलं. पातळी बरोबर खुणेवर होती, रंग हिरवागार.

"आत्ता कुठे निघालात?" मी विचारलं. "यायला उशीर होईल."

"मी तेच म्हणतेय मघापासून," आई म्हणाली. "परत येताना घाटात अंधार पडेल."

बाबांनी गिअर टाकला.

"पडू दे," ते म्हणाले.